चहापाण्यांतलें पाणी

आपल्या भाषेंत 'चहापाणी' असा एक जोडशब्द आहे. व्याकरणाच्या दृष्टीनें तो समाहार द्वंद्व समास होय. द्वंद्वांत दोन्ही पदें सारख्याच योग्यतेचीं असतात, असें आम्ही तीस-पस्तीस वर्षें मुलांना शिकवीत आलों. व्यवहारांत मात्र या शब्दांतील पहिल्या पदानें दुसरें गिळून टाकलें आहे. 'चहापाणी झालें का?' असें विचारणाऱ्याच्या मनांत पाणी नसतेंच. आमच्या आजीच्या काळीं उन्हांतून आलेल्या पाहुण्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवीत व तांब्या-भांडें पुढें करीत. ती चाल आतां बहुतेक घरांतून गेली, आणि पाहुणा उंबरठ्याच्या आंत येतो न येतो तोंच स्वयंपाकघरांत पातेलें चढलेलें असतें.

रोजचें पेय म्हणून आरोग्यास चहा बरा कीं पाणी, हा प्रश्न वरवर पाहतां पोरकट वाटेल. पाण्यावांचून मनुष्य जगत नाहीं, चहावांचून जगतो, एवढें म्हटलें कीं वाद मिटला, असें कोणीही म्हणेल. आम्हीही तसेंच म्हणत होतों. परंतु एका गांवानें आणि पुढें आमच्या स्वतःच्या घरांतील एका प्रसंगानें आम्हांस जें शिकविलें, तें इतकें सोपें नाहीं. तें वाचकांपुढें ठेवावें म्हणून हा लेख.

मुंबईच्या उत्तर उपनगरांत, बोरिवलीच्या पश्चिमेस खाडीपलीकडे गोराई नांवाचें गांव आहे. बोरिवलीच्या बाजूच्या धक्क्यावर होडींत बसावें आणि खाडी ओलांडावी, कीं शहर मागें राहतें. रस्त्यानें जाणाऱ्यास भाईंदर-उत्तनवरून मोठा वळसा पडतो. एका अंगास समुद्र, दुसऱ्या अंगास खाडी व तिवरांचें रान, मध्यें नारळी, भाजीचे मळे, आणि कोळी, भंडारी व ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची जुनी वस्ती. आज खाडी ओलांडतांना २००९ सालीं उद्घाटन झालेल्या विपश्यना पॅगोडाचा सोनेरी घुमट दुरून दिसतो. आम्ही शिक्षक म्हणून तेथें प्रथम गेलों तेव्हां तो नव्हता. उमेदीचीं कांहीं वर्षें आम्हीं त्या गांवांत शिकविण्यांत घालविलीं.

चोहोंकडे खारें पाणी असलेल्या भूमींत गोड्या पाण्याची विहीर कशी असूं शकते, हें समजून घेण्याजोगें आहे. पावसाचें पाणी वाळूंत मुरतें, आणि खाऱ्या पाण्यापेक्षां हलकें असल्यामुळें ताकावर लोण्याचा गोळा राहावा तसें तें जमिनीखालीं खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतें. समुद्रसपाटीच्या वर गोडें पाणी एक फूट असेल, तर सपाटीच्या खालीं तें सुमारें चाळीस फूट असतें, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. हा हिशेब उलटाही चालतो. विहिरीचा उपसा वाढून गोड्या पाण्याची पातळी थोडी खालीं गेली, कीं खालचें खारें पाणी त्याच्या कितीतरी पट वर चढूं पाहतें. म्हणून श्रावणांत गोड लागणारी विहीर चैत्र-वैशाखांत मचूळ होते. त्या पाण्यांत डाळ धड शिजत नाहीं, साबणाला फेस येत नाहीं, आणि तें पिऊन तहान भागल्याचें समाधानही होत नाहीं.

गंमत अशी, कीं याच खाडीच्या पूर्वेस, बोरिवलीच्या डोंगरांत, कान्हेरीच्या भिक्षूंनीं दीड-दोन हजार वर्षांपूर्वीं कातळांत टाकीं खोदून पावसाचें पाणी सांठविलें होतें. तेथील शिलालेखांत त्यांस 'पोढी' म्हटलें आहे. साष्टीच्या त्याच डोंगरांत पुढें विहार तलाव झाला, आणि १८६० सालीं त्याचें पाणी मुंबई शहरास मिळूं लागलें. १८७९ सालीं तुळशी व १८९२ सालीं दूरचा तानसा यांची त्यांत भर पडली. शहरांतील गृहिणीच्या मोरींत नळ आला. आमच्या तेथील दिवसांत खाडीपलीकडच्या गृहिणीला मात्र उन्हाळा आला कीं हंडा घेऊन विहिरीच्या तळाशीं डोकावण्याची पाळी येत असे.

एका विद्यार्थ्याच्या घरीं आम्ही अधूनमधून जात असूं. त्याची आई पाटी घेऊन बोरिवलीच्या बाजारांत मासळी विकीत असे. आम्ही गेलों कीं ती प्रथम पाण्याचा पेला पुढें करी आणि मग चहाचें आधण ठेवी. पाणी आम्ही नम्रपणें परत करीत असूं व चहा मात्र आनंदानें घेत असूं. असें चार-पांच वेळां झाल्यावर एके दिवशीं त्या बाईंनीं सरळ विचारलें, "मास्तर, माझ्या हातचा चहा तुम्हांला चालतो, मग पाणी का चालत नाहीं?"

प्रश्नाचा रोख ध्यानांत येऊन आम्ही ओशाळलों. आमचें पाणी न घेणें हें सोंवळ्यापायीं आहे, असें त्या माउलीस वाटलें होतें. वास्तविक पूर्वीं एकदां न उकळलेल्या विहिरीच्या पाण्यानें आम्ही आठ दिवस अंथरुणास खिळलों होतों, त्याची ती धास्ती होती. तसें सांगतांच त्या हंसल्या, आणि पुढच्या खेपेपासून उकळून गार केलेलें पाणी झांकलेल्या तांब्यांत आमच्यासाठीं तयार असे. त्या पाण्याची मचूळ चव मात्र गेली नाहीं, कारण उकळल्यानें जंतु मरतात, क्षार जात नाहींत. "चव लपवायची तर चहाच बरा," असें त्या म्हणत, आणि त्यांत खोटें कांहीं नव्हतें. वर्गांतील पुष्कळ मुलें सकाळीं चहा-पाव खाऊन येत, आणि दुपारीं घरीं तहान लागली तरी पाण्याऐवजीं चहाच मागत.

येथें चहाची योग्यता मोकळ्या मनानें कबूल केली पाहिजे. आपल्या पूर्वजांनीं पाण्याचा महिमा कांहीं कमी गाइलेला नाहीं. अमरकोशांत पाण्याच्या पर्यायांत 'जीवन' व 'अमृत' हे दोन्ही शब्द आहेत. वाग्भटानें 'अष्टांगहृदया'च्या सूत्रस्थानांत द्रवद्रव्यांचा विचार पाण्यापासूनच आरंभिला असून उकळलेलें पाणी हलकें व अग्निदीपक सांगितलें आहे. तसेंच तें रात्रभर ठेवून शिळें झाल्यास दोषकारक होतें असें बजाविलें आहे. त्यास जंतूंची माहिती नव्हती, तरी उघडें शिळें पाणी पिऊं नये हा त्याचा उपदेश आजही लागू पडतो, कारण उकळलेल्या पाण्यांतही मागाहून मळका पेला बुडविला तर सर्व श्रम व्यर्थ. १८५४ सालीं लंडनमध्यें पटकीची सांथ एका सार्वजनिक पंपाच्या पाण्यानें पसरत आहे, हें डॉ. जॉन स्नो यांनीं दाखवून दिलें. पुढें ३० वर्षांनीं रॉबर्ट कॉख यांनीं कलकत्त्यास तलावाच्या पाण्यांत त्या रोगाचा जंतु पाहिला. निर्मळ दिसणारें पाणी निर्दोष असतेंच असें नाहीं, हें तेव्हांपासून जगानें ओळखलें.

मग चहाचें काय? चहा करावयाचा म्हणजे पाणी उकळावेंच लागतें. महात्मा गांधींनीं १९४२ सालीं पुण्याच्या आगाखान महालांत बंदिवासांत असतां 'आरोग्यनी चावी' हें छोटें पुस्तक लिहिलें. त्यांत त्यांनीं शरीरास चहाची गरज नाहीं असें म्हटलें आहे. पण चीन देशांत पाण्याची शाश्वती नसल्यामुळें तें उकळून घ्यावें लागे, व पाणी नीट उकळलें याची खूण म्हणून तेथें चहाच्या पानाचा उपयोग झाला असावा, अशी मार्मिक उपपत्तीही त्यांनीं दिली आहे. गोराईच्या त्या घरीं आम्हीं चहा निर्धास्तपणें घेतला तो याच न्यायानें. ज्या घरीं पाणी उकळण्याची शिस्त नाहीं, तेथें चहा हा पाण्याचा पहारेकरी असतो. मात्र मालक घरीं नसतांना ज्यास दारावर ठेवलें, त्यानें पुढें घरच बळकावावें हें योग्य नव्हे.

आपल्या घरांत हा पहारेकरी आला तो मोठ्या वादावादींतून. आसामचा चहा लंडनच्या बाजारांत प्रथम लिलावानें विकला गेला तो १८३९ सालीं. त्यानंतर अर्धें शतक लोटलें तरी पुण्यास चहाचा पेला हा धर्मसंकटाचा विषय होऊं शकत होता. १८९० सालीं पंचहौद मिशनमध्यें गोपाळराव जोशी यांनीं घडवून आणलेल्या चहापानास न्यायमूर्ति रानडे व लोकमान्य टिळक यांसारखी मंडळी गेली. त्यांचीं नांवें 'पुणें-वैभवा'नें छापलीं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत पोंचलें, आणि १८९२ सालीं रानड्यांस प्रायश्चित्त घ्यावें लागलें. वाद होता तो कोणाच्या हातचें घ्यावें याचा. चहानें शरीराचें काय होतें, हा प्रश्न त्यांत कोणी विचारला नाहीं. पुढें १९०३ सालीं मळेवाल्यांच्याच मागणीवरून चहावर उपकर बसला, त्या पैशांतून चहाचा प्रचार होऊं लागला, आणि आजोबांनीं जो पेला वर्ज्य मानला त्यावांचून नातवाचे डोळे उघडेनासे झाले. गोराईच्या त्या बाईंचा प्रश्न ऐकतांना आम्हांस पंचहौदाचें स्मरण झालें, आणि आपला काळ पुढें गेला याचें समाधान वाटलें. शरीराचा प्रश्न मात्र आम्हीही विचारावयाचाच राहिलों होतों.

तो प्रश्न घरांतूनच पुढें आला. आमचें कुटुंब एकत्र आहे. बंधु, भावजया, मुलें, सुना व नातवंडें मिळून तेरा माणसें एका छपराखालीं नांदतात. चार वर्षांपूर्वीं धाकट्या सूनबाईंस पांचवा महिना असतां रक्त तपासलें, तों हिमोग्लोबिन ८.४ निघालें. गरोदरपणांत तें निदान ११ तरी असावें. लोहाच्या गोळ्या दोन महिने चालू होत्या, जेवणांत पालेभाजी होती, तरी आंकडा हालेना. डॉक्टरीणबाईंनीं औषध बदलण्यापूर्वीं एकच प्रश्न विचारला: "गोळी कशाबरोबर घेतां?" सूनबाई म्हणाल्या, "चहाबरोबर." त्यांनीं आणखी विचारल्यावर सगळेंच उघड झालें. सकाळीं सर्वांचा चहा-फराळ होईपर्यंत सूनबाईंस बसावयास सवड नसे. भूक लागली कीं पातेल्यांत उरलेला, तीन वेळां उकळून काळपट झालेला चहा त्या घेत. दुपारीं सर्वांच्या मागून जेवण होई, व लगेच तिसऱ्या प्रहरच्या चहाची वेळ येई. साधें पाणी दिवसांत कितीदां पिलें, हें त्यांस आठवेना.

डॉक्टरीणबाईंनीं समजावून सांगितलें तें असें. चहांत टॅनिन या जातीचीं तुरट द्रव्यें असतात. धान्य, डाळी, पालेभाज्या व गोळ्या यांतील लोहास तीं पोटांत बांधून टाकतात, त्यामुळें तें रक्तांत पोंचत नाहीं. चहा जितका अधिक उकळावा तितकीं हीं द्रव्यें अधिक उतरतात. मासळी-मांसांतील कांहीं लोह निराळ्या रूपांत असल्यामुळें त्यावर याचा फारसा परिणाम होत नाहीं. म्हणजे पहा, गोराईच्या कोळिणीला जेवणावरचा चहा जितका बाधतो, त्याहून आमच्यासारख्या शाकाहारी घरांतील सुनेला तो अधिक बाधतो. आणि शिकलेसवरलेले म्हणविणारे आम्ही तेरा जण, आमच्यापैकीं एकाच्याही तें ध्यानांत आलें नाहीं!

अपराध कोणाचा, तें सांगण्यास आम्ही संकोच करीत नाहीं. दिवसांतून सहा वेळां "चहा टाका" अशी हाक घरांत आमचीच असे. त्या प्रत्येक हांकेसरशीं कोणाचें तरी जेवण लांबत होतें व कोणाच्या तरी भुकेवर उरलेला चहा ओतला जात होता, हें आम्हांस दिसलें नाहीं. आमच्या घरापुरतीच ही गोष्ट असती तर येथें लिहिली नसती. २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकीं देशांत शेंकडा ५७, व आपल्या महाराष्ट्रांत शेंकडा ५४.२ स्त्रियांच्या रक्तांत उणीव आढळली. या सर्वांचें कारण चहा आहे असें कोणी म्हणणार नाहीं. अपुरें अन्न, जंत, वारंवार बाळंतपणें अशीं कारणें पुष्कळ आहेत. परंतु जें थोडें लोह ताटांत येतें, तेंही आपल्या हातानें वाया घालविण्यांत काय शहाणपण?

चहावर सरसकट विषाचा आरोप करणेंही न्यायाचें नाहीं. चहा पिल्यानें शरीर कोरडें पडतें असें कांहीं लोक सांगतात. बेताच्या प्रमाणांत घेतलेल्या चहांतील पाणी शरीरास लागूं पडतें, हें आतां प्रयोगांनीं दिसून आलें आहे. कॅफीनमुळें मनास थोडी तरतरी येते, हेंही खरें. अति झालें म्हणजे मात्र तेंच झोंप मोडतें व छातींत धडधड करतें. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनें २०२४ सालीं दिलेल्या मार्गदर्शनांत चहाच्या एका लहान पेल्यांत ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन धरलें असून दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम सांगितली आहे. जेवणापूर्वीं व नंतर निदान एक तास चहा-कॉफी घेऊं नये, असेंही त्यांत म्हटलें आहे. साखरेचा हिशेब तर प्रत्येकानें स्वतःच करावा. पेल्यास दोन चमचे म्हटले तर चार पेल्यांत ३२ ते ४० ग्रॅम साखर जाते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ सालच्या शिफारशीप्रमाणें वरून घातलेली साखर दिवसाकांठीं साधारण २५ ग्रॅमच्या आंत राहिली तर उत्तम. पाण्यास यांतील एकही हिशेब ठेवावा लागत नाहीं. तें शुद्ध असावें एवढीच अट.

शेवटीं आमच्या घरीं काय ठरलें तें सांगतों. सकाळीं उठल्यावर प्रथम पेलाभर पाणी, चहा त्यानंतर. चहा दिवसांतून दोनदां. त्याची वेळ जेवणापासून तासाभराच्या अंतरानें. लोहाची गोळी लिंबाच्या सरबताबरोबर किंवा साध्या पाण्याबरोबर, कारण लिंबू-आंवळ्याच्या आंबटपणांतील जीवनसत्त्व लोह पचविण्यास साह्य करतें. एकदां गाळलेला चहा पुन्हां उकळावयाचा नाहीं व चोथ्यावर पाणी घालावयाचें नाहीं. चहा वाफाळलेला असतां घशाखालीं लोटावयाचा नाहीं, कारण ६५ अंशांहून अधिक कढत पेयांनीं अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका संभवतो, असें २०१६ सालीं कर्करोग-संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें सांगितलें आहे. लहान मुलांना चहा नाहींच. पाण्याची शंका असेल तर तें खळखळून उकळूं द्यावें, उकळी आल्यावरही मिनिटभर ठेवावें, आणि झांकून, दांड्याच्या ओगराळ्यानें काढावें. म्हातारपणीं तहानेची जाणीव मंद होते, म्हणून आमच्यासारख्यांनीं तहानेची वाट न पाहतां वेळेवर पाणी घ्यावें. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनीं मात्र प्रमाण डॉक्टरांस विचारूनच ठरवावें. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम हा, कीं घरांतील सुनांनीं सर्वांबरोबर जेवावयास बसावें. हा नियम चहाच्या लेखांत कशाला, असें कोणास वाटेल. परंतु भुकेवरचा चहा सुटतो तो यामुळेंच. नुसत्या उपदेशानें सुटत नाहीं.

तीन महिन्यांनीं सूनबाईंचा आंकडा १०.६ वर आला. यथाकाल नातू झाला, आणि दोघेंही सुखरूप आहेत.

गेल्या माघांत आम्ही पुन्हां गोराईस गेलों होतों. होडीचा धक्का तोच, तिवरें तींच. आमच्या विद्यार्थ्याचे केस आतां पिकूं लागले आहेत, आणि त्याच्या आईस ऐंशीच्या घरांत दिसेनासें झालें आहे. आवाजावरून त्यांनीं आम्हांस ओळखलें आणि सुनेला हांक मारून म्हणाल्या, "मास्तर आलेत. आधीं पाणी आण, उकळलेलं. चहा मागून." आम्हीं पेला दोन्ही हातांनीं घेतला. किंचित् मचूळ होतें, पण आम्हीं तें सगळें पिलें, आणि मग चहाही घेतला.